रामाच्या वाटीतला जर्म

या, अशा पुढे सरकून बसा. मला आता फार मोठ्यानं बोलवत नाही, आणि ही गोष्ट लांबून ऐकायची नव्हेच. जन्मभर कीर्तनं ऐकली मी. बुवा उभे राहिले की माझं घर, चूल, दुखणं-खुपणं सगळं बाहेरच्या चपलांपाशी राहायचं. पण त्या सगळ्या कीर्तनांत एक असं झालं, की त्यात ऐकणाऱ्यांचाच श्वास अडकला होता. तेच सांगते.

आंबोशीला आमचे हे हायस्कुलात इंग्रजी शिकवत. गावात रामाचं देऊळ, आणि चैत्रात नवमीपर्यंत रोज उन्हं कलल्यावर कीर्तन. त्या वर्षी पहिल्यांदाच बाईमाणसाला बोलावलं होतं. गोदावरीबाई आठल्ये. देवळाचे पंच तात्यासाहेब बेहेरे मुळात तयार नव्हते, पण नेहमीचे बुवा आजारी पडले, आणि येसूकाकू, म्हणजे तात्यासाहेबांच्या आई, म्हणाल्या, की रामाची कथा सांगायला कौसल्येच्या जातीचं कोणी आलं तर रामाला काही वाईट वाटायचं नाही. आईपुढे तात्यासाहेबांचं चालत नसे. बाईंची उतरायची सोय आमच्याकडे झाली, कारण आमची पडवीलगतची खोली मोकळी होती.

त्या संध्याकाळच्या गाडीनं आल्या, ते मला अजून दिसतं. उंच, सडपातळ, नऊवारी, कपाळ मोकळं. चाळिशीच्या असतील. खोलीत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट विचारली, ती दाराला आतून कडी आहे ना, ही.

मी म्हटलं, "आहे की. पण आमच्याकडे कोणी येत नाही हो न विचारता."

"तसं नव्हे वहिनी," त्या म्हणाल्या. "माझी सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून पाणी उकळून घेतलं. चांगलं खळखळून. त्यात चिमूटभर मीठ टाकलं, तांब्यावर ताटली झाकली आणि खोलीत नेऊन कडी लावली. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. तांब्याही स्वतःच घासला. पंचा दोरीवर आमच्या कपड्यांत न टाकता पलीकडे पेरूच्या फांदीवर टाकला. मनात म्हटलं, कीर्तनकार माणसं, त्यांचं सोवळं असतं एकेकाचं.

पण त्यांचं कीर्तन! गळा असा, की पहिला सूर लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. फक्त एक होतं. त्या कायम डावी बाजू खांबाकडे करून उभ्या राहत, आणि उजवीकडच्या बायकांकडेच बघून बोलत. डावीकडे बसलेल्या पुरुषांना वाटलं, बाई लाजतात. आमच्या शेजारच्या सिंधूवहिनींना तसं वाटलं नाही. सिंधूवहिनींना कशातच साधी गोष्ट दिसायची नाही. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "नीट बघ. बाई एका अंगानंच बघते. ह्यात काहीतरी आहे."

आता आमच्या देवळाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोण्या काळी एका नावाड्याची दृष्टी गेली होती, ती रामाच्या तीर्थानं परत आली, अशी आख्यायिका. म्हणून आंबोशीला तीर्थ नुसतं प्यायचं नाही, डोळ्यांना लावायचं. उत्सवात येसूकाकू सभामंडपाच्या पायरीशी चांदीची वाटी घेऊन बसायच्या. हातात तुळशीची काडी. येणाऱ्याचं तोंड हनुवटीला धरून वर करायचं, काडी वाटीत बुडवायची, दोन्ही डोळ्यांना लावायची, परत वाटीत बुडवायची, पुढचा माणूस. पोरांना तर त्या गालाला गाल लावल्याशिवाय सोडायच्या नाहीत. ती त्यांची सेवा होती. दिवसभर बसून कंबर धरायची, पण वाटी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत.

उत्सवाला रंग चढतोय न चढतोय तोच गावात डोळे आले. आधी सुताराच्या घरात एकाला. मग एकदम सगळीकडे. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या, डोळे लालबुंद, पाणी गळतंय. ज्यांचे आले ते जास्तच भक्तीनं देवळात धावले. येसूकाकू आपल्या दिवसातून तीनतीनदा तीर्थ लावतायत. रामाला हाक मारतायत.

आणि माणसाचं मन कसं असतं बघा. साथ आली म्हटल्यावर ती कोणी आणली, हा प्रश्न आलाच. गावात नवं काय आलं? बाई आल्या.

तालुक्याहून सरकारी डॉक्टर जीप घेऊन आले. तरुण होते, घाईत होते. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांचे डोळे उलटे करून पाहिले, मलमाच्या नळ्या दिल्या आणि म्हणाले, जर्म्स आहेत, पंचे वेगळे ठेवा, डोळ्यांना हात लावू नका, कुठलं घाणेरडं पाणी लावू नका. लोकांनी माना डोलावल्या. वाटीचं त्यांना कोणी सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे हो. सांगण्यासारखं काही आहे, असंच कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते घाणेरडं पाणी म्हणाले होते. तीर्थ म्हणजे पाणी थोडंच?

जीप गेली आणि तो शब्द मात्र मागे राहिला. जर्म. कोणी म्हणे जर्मनीत निघालेला रोग आहे. खालच्या आळीतल्या बायकांनी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली माळ्यावर टाकली, चार दिवस मातीच्या मडक्यांत भात शिजवला. आमचे हे हसून हसून बेजार. पण मग पोरं बाईंच्या मागून ओरडायला लागली, "जर्मबाई, जर्मबाई," आणि ह्यांचं हसणं थांबलं.

बाई स्वतः एकदा तात्यासाहेबांकडे गेल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. हात जोडून त्यांनी सांगितलं होतं, की तेवढी ती काडी डोळ्याडोळ्यांत फिरवणं साथ जाईपर्यंत बंद ठेवा, तीर्थ हातावर द्या. तात्यासाहेब म्हणाले, रामाच्या तीर्थात किडे आहेत म्हणता? बाई परत आल्या. पण त्या दिवसापासून तात्यासाहेबांची नजर बाईंवर बसली, आणि त्या नजरेला एक गोष्ट दिसली. बाई तीर्थ घ्यायच्या, प्यायच्या, उरलेला हात टाळूला पुसायच्या. डोळ्यांना लावायच्या नाहीत. येसूकाकूंपुढून मान खाली घालून निघून जायच्या.

हे गावात पसरायला कितीसा वेळ लागणार? सिंधूवहिनी भिंतीवरून डोकावून मला म्हणाल्या, "तुझी पाहुणी तीर्थ का टाळते? डोळ्यांत काहीतरी असल्याशिवाय का? आधी तिचेच आले होते, लपवून ठेवले आणि आपल्याला वाटले. तू बघितलेस का कधी तिचे डोळे जवळून?"

मी म्हटलं नाही.

"मग घरात कोण घेतलंय ते तरी बघून घे."

तशात आमच्या मंदाचे डोळे आले. पाच-सहा वर्षांची असेल. रात्रभर कण्हत होती. सकाळी तिला मांडीवर घेऊन कोमट पाण्यानं पापण्या सोडवत होते, आणि समोर बाई तो झाकलेला तांब्या घेऊन खोलीत शिरल्या. कडी वाजली. रोज कडी लावून ही करते काय? ते मिठाचं पाणी कशाला? खोलीतली ती बारकी बाटली, जिला मी एकदा हात लावायला गेले तर झडप घालून उचलली, तिच्यात काय आहे? मंदाला खाली ठेवलं आणि दारावर थाप मारली.

आतून आवाज आला, "थोडं थांबा वहिनी."

मी थांबले नाही. ती कडी जुनी होती, दार जोरानं लोटलं की निघायची. निघाली.

बाई खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. वळल्या, आणि डावा डोळा पदरानं झाकला. समोर पाटावर पांढरी वाटी, तिच्यात पाणी, आणि पाण्यातून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

मी भिंत धरली.

"काचेचा आहे," बाई म्हणाल्या. "मिरजेला बसवून घेतला. रोज धुवावा लागतो. दार लावून घ्या, म्हणजे सांगते."

मी दार लावलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. लहान असताना त्यांच्या गावीही अशीच साथ आली होती. डोळा सडला, गेला. दुसरा डॉक्टरांनी कसाबसा वाचवला आणि बजावलं, की हा नाजूक झालाय, पुन्हा काही झालं तर हमी नाही. त्या बारक्या बाटलीत त्याचंच औषध होतं.

"मग हे सांगत का नाही लोकांना?" मी म्हटलं. "ते तुम्हाला नाही नाही ते बोलतायत."

त्या हसल्या. "एका ठिकाणी सांगितलं होतं वहिनी. ते म्हणाले, आधीच बाई, त्यात विधवा, त्यात व्यंग. नारदाच्या गादीवर अशी उभी करून देवाचा कोप घ्यायचा का? नारळ हातात देऊन परत पाठवलं. मला दुसरं काही येत नाही हो. हे गेलं तर मी दिराच्या दारात. नवमी पार पडेपर्यंत तेवढं पोटात ठेवा."

मी ठेवलं. ह्यांना मात्र सांगितलं.

अष्टमीच्या दुपारी तात्यासाहेबांचा निरोप आला. घेऊन आलेला गुरव बिचारा खाली बघूनच बोलत होता. उद्या रामजन्माचं कीर्तन बाईंनी करायचं असेल, तर मध्यंतरात सगळ्या गावासमोर वाटीतलं तीर्थ डोळ्यांना लावायचं, दोन्ही डोळ्यांना. नाही लावलं, तर उरलेलं कीर्तन देवरुखहून आलेले बुवा पुरं करतील. बुवांना आणून ठेवलंही होतं.

हे चिडले. ऐन पडवीत म्हणाले, "सीतेची परीक्षा घेतल्यानं ह्या लोकांचं पोट भरलं नाही वाटतं. ताई, तुम्ही सकाळच्या गाडीनं जा. मी स्टँडवर सोडतो."

बाईंनी पेरूच्या फांदीवरचा पंचा काढून घडी घातली. मग म्हणाल्या, "गेले तर जर्मबाई म्हणूनच जाईन, मास्तर. अशी बातमी माझ्या आधी पुढच्या गावाला पोचते. मग कुठलं देऊळ मला उभं करील?"

"आणि राहिलात तर डोळा जाईल," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तेही आहेच."

मग एकदम ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, की हा जर्म म्हणून जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ काय? ज्या शब्दानं मला हाका मारतात तो मला ठाऊक तरी असावा. ह्यांचा राग उतरलाच. शब्द म्हटला की ह्यांना सगळ्याचा विसर पडायचा. आतून तो जाडजूड कोश आणला, चष्मा पुसला आणि सांगायला लागले. मुळात लॅटिन भाषेतला शब्द. अर्थ कोंब, अंकुर. गव्हाच्या दाण्याच्या टोकाला जो इवलासा कोंब असतो त्याला इंग्रज अजूनही जर्मच म्हणतो. मनात एखादी कल्पना पहिल्यांदा उगवते, तिलाही जर्म. रोगाचा अर्थ पुष्कळ मागाहून चिकटला. रोगालासुद्धा बी असणार, ते अंगात रुजत असणार, असं लोकांना वाटायला लागलं, म्हणून. आणि सूक्ष्मदर्शकातून ते बारके जीव दिसले तेव्हा आयता शब्द तयार होता.

"म्हणजे शिवी नाही," बाई म्हणाल्या.

"छे छे. चांगला घरंदाज शब्द आहे."

बाई मनाशी काही तरी जुळवत होत्या. ओठ हलत होते. पण उद्या काय करणार, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नवमीला देऊळ फुललं होतं. पाळणा बांधलेला, सुंठवड्याचा वास सुटलेला. पण दरवर्षीचा आनंद नव्हता त्यात. निम्म्या लोकांचे डोळे लाल, आणि सगळ्यांचे बाईंवर. पुढच्या रांगेत देवरुखचे बुवा उपरणं सावरून बसलेले, तात्यासाहेब त्यांच्या शेजारी. येसूकाकू पायरीशी, मांडीवर नातू. त्या पोराचे डोळे इतके सुजले होते की उघडतच नव्हते.

बाई उभ्या राहिल्या. नमन झालं. एरवी पूर्वरंगाला एखादं संतवचन घेतात, त्या म्हणाल्या, "आज मी निरूपणाला गावानं मला दिलेलाच शब्द घेते. जर्म."

कुजबुज झाली. कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी हातातल्या चिपळ्यांचा एक ठेका दिला आणि ह्यांनी सांगितलेलं सगळं इतक्या रसाळपणानं सांगितलं, की पुरुषांत बसलेले आमचे हे खाली बघायला लागले. लाजले होते. कोंब म्हणजे काय, दाण्यात तो कसा झोपलेला असतो, दिसत नाही पण साऱ्या शेताचं शेत त्याच्यात असतं. मग आवाज खाली आणला.

"मायबाप, राम कोणी बघितलाय इथं? डोळ्यांनी? मी तरी नाही. पण आपण घास तोंडात घालायच्या आधी त्याला दाखवतो. रात्री अंधारात त्याला हाक मारतो. जे दिसत नाही त्याच्यावर सगळा जन्म टाकून बसलेली आपण माणसं. मग एक तिळाहून बारीक कोंब दिसत नाही, म्हणून तो नाहीच, असं आपणच म्हणायचं? नास्तिकानं म्हणावं, आपण कसं म्हणायचं?"

हशा झाला. देवरुखच्या बुवांनीसुद्धा मान डोलावली, मग तात्यासाहेबांकडे बघून ती थांबवली.

"कोंबाचा धर्म एकच. ओल मिळाली की रुजायचं. ओल विहिरीची की देवाची, हे तो विचारत नाही. तो कुठल्याही जातीचा नाही, कुठल्याही देवाच्या विरोधात नाही. ओल बघतो आणि रुजतो. आणि सगळ्यांत जास्त ओल कुठं असते? जिथं माया असते तिथं."

मग पद म्हटलं, टाळ-मृदंग झाला आणि मध्यंतर आलं. हार घातला, बुक्का लावला. तात्यासाहेब उठले. येसूकाकूंच्या हातातली वाटी त्यांनी स्वतः आणली.

"कीर्तन ऐकलं," ते म्हणाले. "आता ठरल्याप्रमाणे."

बाईंनी वाकून तळहातावर तीर्थ घेतलं, प्यायल्या, टाळूला लावलं. मग ओलं बोट डाव्या डोळ्याला लावलं. चांगलं पापणी उघडून, सगळ्यांना दिसेल असं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटल्या. आता पटकन उजव्याच्या नुसतं जवळ बोट नेतील आणि झालं.

"दुसरा," तात्यासाहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाटी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली, गाभाऱ्याकडे एकदा बघितलं आणि मंडपातून वाट काढत पायरीशी गेल्या. येसूकाकूंच्या पुढ्यात गुडघे टेकून बसल्या. वाटी त्यांच्यासमोर ठेवली. तिथं त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण देवळात इतकी शांतता होती की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"काकू, आत्ता मी ज्याला तीर्थ लावलं तो डोळा काचेचा आहे. लहानपणी गेला. हा उजवा तेवढा रामानं ठेवलाय. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मी त्याला लावणार नाही. तुम्ही लावा म्हणालात तर तुमच्या हातानं लावा."

आणि त्यांनी तोंड वर केलं.

येसूकाकूंचा हात सवयीनंच पुढे आला. हनुवटीला धरलं. काडी वाटीत बुडाली, वर आली. टोकाला थेंब लोंबत होता. तो थेंब मला लांबून दिसत होता, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण दिसत होता.

"कसा गेला गं?" काकूंनी विचारलं.

"आजीनं घालवला."

"म्हणजे?"

"आमच्याकडे देवीचं पाणी होतं. अशीच वाटी, अशीच तुळशीची काडी. आधी भावाच्या डोळ्यांना लावलं, त्याचे फार आले होते. मग तीच काडी माझ्या. मला नुसती लाली होती तोवर." काडीच्या टोकाकडे बघतच बाई म्हणाल्या, "माझ्यावर आजीइतकी माया कोणी केली नाही, काकू. ती जाईपर्यंत तिला कोणी हे सांगितलं नाही. मीही नाही."

काकू मांडीवरच्या नातवाकडे बघत राहिल्या. मग समोरच्या गर्दीकडे बघितलं, एकेका तोंडाकडे. सुताराचा पोरगा, गुरवाची सून, आमची मंदा. ज्यांच्या हनुवट्या त्यांनी धरल्या होत्या ते सगळे. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं मागं मागं जाऊन दिसत होतं.

"आई, लाव," तात्यासाहेब म्हणाले. "ही सगळी नाटकं आहेत."

काकूंनी काडी तशीच धरून मान वळवली. "बरं. आधी तुझ्या लावते. ये."

तात्यासाहेब हलले नाहीत.

"ये की रे. साथ आल्यापासून तू एकदाही पुढ्यात आला नाहीस माझ्या. घाईत असशील म्हटलं. आज वेळ आहे. ये."

आम्ही सगळे बघत होतो. तात्यासाहेबांनी अर्धं पाऊल टाकलं. पुढे नव्हे, मागे. फार थोडं. पण साऱ्या गावानं ते पाऊल बघितलं, आणि तेही समजले की बघितलं.

येसूकाकूंनी नातवाला शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं. खांब धरून उठल्या. एका हातात वाटी, एका हातात काडी, वाकलेल्या, अशा त्या पायऱ्या उतरून अंगणातल्या वृंदावनाशी गेल्या. कोणी हात द्यायला पुढे झालं तर मानेनंच नको म्हणाल्या. वाटीतलं तीर्थ सगळं तुळशीच्या मुळाशी ओतलं. काडी तिथंच मातीत खोचली. मग वाटी पालथी घालून पायरीवर ठेवली आणि तिथूनच म्हणाल्या, "बाई, बारा वाजत आले. रामाला ताटकळत ठेवू नका."

आणि बाई उठल्या. तो रामजन्म मी कसा सांगू तुम्हाला. पाळण्याची दोरी पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायची हे तात्यासाहेब ठरवत असत. त्या वर्षी त्यांना कोणी विचारलं नाही. देवरुखचे बुवा स्वतः उठून बाईंच्या मागं झांज धरून उभे राहिले.

डोळ्यांची साथ मग ओसरली. मंदाचे नीट झाले. काकूंच्या नातवाच्या एका डोळ्यात बारीक पांढरा ठिपका राहिला तो राहिलाच. आठल्येबाईंना पुढं खूप मान मिळाला. काचेच्या डोळ्यासकट गावोगाव बोलावणी यायची, आणि पुढं त्या डावी बाजू खांबाकडे करून उभ्या राहत नसत. त्यांची आठवण काढणारी माणसं ठिकठिकाणी आहेत, त्यात माझी भर नको.

पण येसूकाकूंचं कोणी बोलत नाही. त्या नंतर पुष्कळ वर्षं जगल्या. रोज देवळात यायच्या. पोरं सवयीनं हनुवट्या वर करून त्यांच्यापुढं उभी राहायची, आणि काकू दोन्ही हात पाठीमागं धरून नुसतं त्यांच्याकडे बघायच्या, म्हणायच्या, "शहाणी माझी बाळं, जा खेळायला." नंतर कधीही त्यांनी कोणाच्या पोराच्या गालाला हात लावलेला मी बघितला नाही. स्वतःच्या नातवाच्यासुद्धा नाही.

तुम्ही आता घरी जाल. देवापुढं दिवा लावाल तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. आंबोशीच्या येसूकाकू बेहेऱ्यांची आठवण ठेवा.